मल्लूच्या दुकानावरचा इश्तिहार

"मयत गेला तवा जवळ कोण व्हतं?" गफारमियाँनं विचारलं, आन् टाक दौतीत बुडवून माझ्या तोंडाकडं बघत बसला. अदालतीपुढच्या लिंबाखाली अर्ज लिहिणारे चार-पाच जण बसायचे. त्यात गफारमियाँचं उर्दू मुन्सफसाहेबाला पसंत पडतंय असं लोक म्हणायचे, म्हणून म्या त्याच्यापुढं मांडी घातली व्हती. तवर समदं भरभर सांगून झालं व्हतं. अर्जदार शंकरप्पा, राहणार बेंबळी. मयत मल्लिकार्जुन, अर्जदाराचा धाकटा भाऊ, धाराशिवात पानाचं दुकान. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, तिच्यामागं लेकरूबी ऱ्हायलं न्हाय. मृत्युपत्र केलेलं न्हाय. वारस कोण म्हणून सरकारला ठाऊक न्हाय, सबब दुकानाला सरकारी कुलूप आन् लाखेची मोहर. हितवर माझी जीभ कुठं अडली न्हाय. ह्या एका सवालाला अडली. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब लोंबत व्हता. म्या त्या थेंबाकडं बघूनच बोललो, "म्या व्हतो." थेंब गळायच्या आत त्यानं लिहून टाकलं. मला मोडी जेमतेम येती, उर्दू एक अक्षर न्हाय. उजवीकडनं डावीकडं माझं खोटं काळ्या मुंग्यांसारखं चालत गेलं, आन् म्या मुकाट बघत ऱ्हायलो.

गंमत बघा, त्या खोट्याची गरजच नव्हती. गफारमियाँ स्वतः म्हणला, "नसताव तरी काय बिघडत नव्हतं शंकरप्पा. सख्खे भाऊ हाव, तेवढं बस हाय. पर हे लिहिलं की अर्जाला वजन येतं." सख्खे भाऊ हाव, तेवढं बस हाय. घरला जाताना सारी वाट ते एकच वाक्य माझ्या दातात अडकलं व्हतं, सुपारीचं खांड अडकावं तसं.

खरं काय झालं ते आता सांगतो. आता सांगायला कोण अडवतंय? निजामाचं राज गेलं, मुन्सफ गेला, गफारमियाँबी गेला. त्या साली उन्हाळ्यात आमच्या शेजारचा बलभीम बाजार करून आला आन् दारातनंच वरडला, "शंकरप्पा, तुझा मल्लू अंथरुणाला खिळलाय. हनीफ दर्जी म्हणला, अण्णाला लावून द्या." म्या शेंगा निवडत व्हतो. हातातली शेंग तशीच ऱ्हायली. भाऊ आजारी हे आधी डोक्यात शिरायला पायजे व्हतं का न्हाय? ते न्हाय शिरलं. आधी शिरलं ते हनीफ. हनीफ दर्जी म्हणला. अण्णाला लावून द्या. अण्णा म्हणायचा अधिकार त्याला कुणी दिला? मला अण्णा म्हणणारा ह्या जगात एक मल्लू. आई गेली तवा ते चार वर्षाचं व्हतं, म्या चौदाचा. त्याला खांद्यावर बसवून तेरच्या जत्रेला न्यायचो, तर ते माझ्या डोक्यावरच मान टाकून झोपायचं आन् त्याची लाळ माझ्या कानामागनं वघळायची. त्या लाळेचा गारवा मला अजून आठवतो. आन् हा दर्जी, दुकानाला दुकान लागून हाय म्हणून, मला अण्णा म्हणतो. म्या बलभीमाला म्हणलं, "मल्लूला बोलवायचं आसंल तर मल्लू निरोप दील. दर्ज्याच्या निरोपावर म्या काय पळत जायला त्याचा गिऱ्हाईक हाय का?" रुद्रम्मा, आमची मंडळी, चुलीपासनं म्हणली, "आवं, माणूस अंथरुणाला हाय, त्यो निरोप कसा दील?" म्या तिला गप केलं. दोन दिवस गेलो न्हाय. दोन दिवस शेंगा निवडल्या. एक एक शेंग फोडताना मनात बोलायचो, बसा म्हणावं दोघं. चहा प्या.

चहाचं तुमाला सांगायला पायजे. मल्लूच्या आन् हनीफच्या दुकानात एकच फळ्यांची भिंत व्हती. त्यातली एक फळी आर्धी काढून टाकलेली, हातभर भोक. त्या भोकातनं हिकडनं पान जायचं, तिकडनं चहाची कपबशी यायची. म्या एकदा बघितलं. बाजाराला गेलो व्हतो, मल्लूच्या पाटावर टेकलो व्हतो, तर भिंतीतनं कपबशी धरलेला हात आला. नुसता हात, अंगठ्यावर सुईची टोचणी. मल्लूनं बघितलंबी न्हाय, सुपारी कातरता कातरता डाव्या हातानं बशी घेतली आन् चहा पिऊन टाकला. आमच्या घरात परक्याच्या हातचं पाणी चालत न्हाय. पर खरं सांगू? मला धर्माचं कायबी वाटलं न्हाय. मला झोंबलं ते त्यानं न बघता हात पुढं केला ते. आंधळ्यानं आपल्या घरात चालावं तसं. म्या समोर बसलो व्हतो, मला त्यो विचारून विचारून बोलत व्हता, "अण्णा, बरं चाललंय का? वैनी बऱ्या हायत का?" पाव्हण्याला विचारावं तसं. जाताना इडा बांधून द्यायला लागला तर म्या म्हणलं, "मला सवय न्हाय." सवय व्हती. म्या बेंबळीत दुसऱ्याच्या दुकानावर पान खायचो.

तिसऱ्या दिवशी झुंजुमुंजु झालं तसं माझा पाय घरात ठरंना. रुद्रम्मानं धपाटे बांधून दिले. उन्हात चालत धाराशिवात पोचलो तवर दुपार कलली व्हती. आमच्या लोकांची गल्ली अख्खी वस पडलेली, एका लग्नाला सारे तेरला गेलेले, जंगमस्वामीसुद्धा. दुकानाची फळी लावलेली. म्या मागल्या दारानं आत गेलो. आत अंधार, कात आन् ओल्या पानांचा वास. आन् समोर मल्लू बसलेला. मांडी घालून, ताठ, तोंड दाराकडं. माझ्या तोंडात शब्द आला व्हता, लेका बरा हाईस की, निरोप कशाला धाडतो. तवर दिसलं की त्याच्या पाठीला पाठ लावून हनीफ बसलाय. त्याचं तोंड भिंतीकडं, तळहात दोन्हीकडं भुईवर दाबलेले, मनगटाच्या शिरा फुगलेल्या. मल्लूची मान मागं हनीफच्या खांद्यावर टेकलेली. हनीफ न वळताच म्हणला, "अण्णा, आलाव का? जरा धरा. माझी पाठ गेली."

"कवा?" म्या म्हणलं.

"सकाळी. दिवस वर यायला. तुमच्यात बसवून नेत्यात, एवढं त्यानं मागं एकदा सांगितलं व्हतं. कडक व्हायच्या आत बसवाया लागतंय म्हणला व्हता. गल्लीत कुणी न्हाय. तेरला माणूस पाठवलाय. गळ्यातल्याला म्या हात लावला न्हाय, अण्णा. जसं हाय तसं हाय."

दिवस वर आल्यापासनं दुपार कलेपतूर. मेलेल्या माणसाला पाठ लावून. आमच्यात लिंगायतात मयताला आडवं नेत न्हाईत, मांडी घालून बसवत्यात, हातात त्याचं गळ्यातलं लिंग देत्यात आन् तसंच मातीत बसवत्यात. पर बसवायचं म्हणजे कुणी पाठ लावून बसत न्हाय. भिंतीतल्या खुंटीला पटका बांधायचा, काखेतनं घ्यायचा, झालं. खुंटी तिथंच व्हती, हनीफपुढच्याच भिंतीत, डोक्याच्या वर दीड हात. तिच्यावर मल्लूचा रोजचा सदरा लोंबत व्हता. हनीफला कोण सांगणार? मला हसू आलं. खोटं न्हाय सांगत, भाऊ मरून बसलाय आन् माझ्या पोटातनं हसू वर आलं, की बघ, तुला एवढंबी म्हाईत न्हाय. एवढं एक मला म्हाईत हाय. आन् ते हसू गळ्यापतूर यीस्तवर त्याचं दुसरंच कायतरी झालं. म्या पटका सोडला न्हाय. खुंटीचं नाव काढलं न्हाय. हनीफला म्हणलं, "ऊठ तू." आन् त्याच्या जागी म्या बसलो. मल्लूचं अंग तवर लाकडासारखं झालं व्हतं. धरायची गरजच उरली नव्हती. जे धरायचं व्हतं ते धरून झालं व्हतं.

दिवस मावळायला गल्ली परतली. दारात येऊन जंगमस्वामी थबकले. म्हणले, "भावानं धरलंय बघा. ह्याला म्हणावं पाठीराखा भाऊ." बायका रडल्या. इरम्मा म्हातारी, जिला मल्लू रोज बिनचुन्याचं पान कुटून द्यायचा, तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. हनीफ बाहेर त्याच्या दुकानाच्या पायरीवर वाकडा बसला व्हता, एका हातानं कंबर धरून. त्यो ऐकत व्हता. म्या बघितलं की त्यो ऐकतोय. म्या बोललो न्हाय. त्योबी बोलला न्हाय. अर्जातलं खोटं त्या संध्याकाळचं. गफारमियाँनं फक्त ते कागदावर घेतलं.

मग इश्तिहार लागला. अदालतीचा शिपाई आला, दुकानाच्या फळीवर खळीनं कागद चिकटवून गेला. मयत मल्लिकार्जुन याच्या मालमत्तेचा बंदोबस्त शंकरप्पा मागतोय, कुणाचा उजर, म्हणजे हरकत, आसंल त्यानं तीस दिवसांच्या आत हजर व्हावं. गफारमियाँनं वाचून दाखवलं. "कुणी येणार हाय का?" त्यानं विचारलं. म्या म्हणलं, "कोण येतंय?" पर त्या दिवसापासनं म्या बेंबळीला गेलोच न्हाय. गल्लीतल्या मठात पथारी टाकली, आन् सकाळ झाली की मल्लूच्या दुकानासमोर कासाराच्या ओट्यावर जाऊन बसायचो. रुद्रम्माला सांगावा धाडला, काम हाय. काम काय, तर कागदाकडं बघत बसायचं. कोण येतं, कोण थांबतं, कोण वाचतं.

लई लोक थांबायचे. मला वाटलं नव्हतं एवढे. तालुका कचेरीतला कारकून थांबला, वाचलं, टोपी काढली, परत घातली. एक टांगेवाला टांग्यावरनं उतरून उभा ऱ्हायला, घोडं त्याला मागनं ढकलत व्हतं. माझ्याशेजारी येऊन म्हणला, "चुना बोटानं न्हाय, देठानं लावायचा. मला एकदाबी तोंड आलं न्हाय." दुसरा म्हणला, त्यो माझी लवंग विसरायचा न्हाय. तिसरा म्हणला, माझ्या बापाचा इडा त्याच्या ध्यानात व्हता, बाप मरून सहा वर्षं झाली तरी. प्रत्येकाचं एकेक पान मल्लूच्या डोक्यात घडी घालून ठेवलेलं. म्या हुं हुं करायचो, आन् आतनं मिरची लागल्यागत व्हायचं. अख्ख्या गावाची जीभ त्याला पाठ, आन् माझी? माझी त्याला ठाऊक नव्हती, कारण म्या ठाऊक होऊ दिली नव्हती. हे मला तवा कळत व्हतं का? कळत आसंल. पर कळल्यानं आग थोडीच विझती? इरम्मानं तर कहर केला. तिला वाटलं कागद देवाधर्माचा हाय. रोज सकाळी येऊन इश्तिहाराला विभूतीची तीन बोटं ओढायची आन् हात जोडायची. आठ दिवसात सरकारी मोहर पांढरीफट झाली. म्या म्हणलं, "इरम्मा, ती अदालतीची नोटीस हाय." ती म्हणली, "आसू दे बाबा. मल्लूचं नाव हाय न्हवं त्यात?"

आन् समोर, मल्लूच्या बंद दुकानाला लागून, हनीफचं उघडं दुकान. मशीन चालायचं, थांबायचं. त्यो वाकडा बसायला लागला व्हता. डावा खांदा खाली, कंबरंत उशी. अर्धी बाही शिवली की उठायचा, भिंतीला हात लावून पाठ ताणायचा, तोंड आवळायचा. लोक विचारायचे, "काय रे दर्जी, म्हातारा झालास का?" त्यो म्हणायचा, "उसण भरली." एवढंच. कशानं भरली ते सांगत नव्हता. त्या उसणीवर माझी नजर खिळली. तुमाला हसू यील, पर म्या त्या दुखण्यावर जळलो. हो, दुखण्यावर. मल्लूनं जाताना कुणाला काय ठेवलं म्हणून अदालत विचारत व्हती, याद्या करत व्हती, आन् समोर ह्याच्या पाठीत मल्लू काय ठेवून गेला ते मला दिसत व्हतं. त्यावर कोण उजर घेणार? ती उसण हक्कानं माझी व्हती. माझ्या पाठीत पायजे व्हती. म्या ओट्यावर मुद्दाम वाकडा बसून बघायचो, दुखतंय का. ठणठणीत पाठ. बैलासारखी.

विसाव्या दिवशी बलभीम बाजाराला आला, माझ्याजवळ टेकला. "जपून ऱ्हा," म्हणला. "दर्ज्यानं भिंतीला भोक पाडून ठिवलंय. राज त्यांचं, मुन्सफ त्यांचा. तिसाव्या दिवशी उभा ऱ्हायला आन् म्हणला, मल्लूनं दुकान मला तोंडी दिलं, तर काय करशील? आदीच बोंब मार. लोक हायत आपल्या मागं." ते दिवस तसेच व्हते. हवा बिघडायला लागली व्हती, लोक गटागटानं बोलायचे आन् दुसरा आला की गप व्हायचे. बलभीमाचं बोलणं मला भ्याव घालण्याऐवजी गोड लागलं, हे सांगायला आज लाज वाटती. म्हणलं, घे बाबा, हनीफ, घे उजर. एकदा उभा ऱ्हा आन् दुकान माग. मग तू लोभी, म्या भाऊ. मग मला तुझ्यावर मोकळेपणानं जळता यील. तिसाव्या दिवसापतूर म्या त्याच्या पायाकडं बघत ऱ्हायलो, अदालतीच्या वाटंला लागत्यात का. ते मशिनीच्या पट्टीवरच हालत ऱ्हायले. एका दुपारी मात्र त्यो चहाची कपबशी घेऊन रस्ता वलांडून आला, ओट्यावर माझ्या बाजूला ठेवली आन् परत मशिनीवर जाऊन बसला. म्या प्यालो न्हाय. चहावर साय आली, माशी पडली. संध्याकाळी त्यानं येऊन बशी उचलली. "साखर कमी झाली का, अण्णा?" म्हणला. टोमणा व्हता का खरंच विचारलं, मला अजून ठरवता आलं न्हाय.

एकतिसाव्या दिवशी पुकारा झाला. उजर कुणाचाच न्हाय. मुन्सफसाहेब उंच खुर्चीत, डोळ्यावर चष्मा, अर्ज वाचत व्हते. एका ठिकाणी बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं. साक्षीदार म्हणून गफारमियाँनं शेजारचा दुकानदार लिहिला व्हता, म्हणजे हनीफ. त्याला उभं केलं. खुदाला हाजीर धरून खरं सांगायचं कबूल करवलं. मुन्सफसाहेबांनी विचारलं, "मरते वखत पास कौन था?"

हनीफ एका अंगाला कलून उभा व्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या नजरंत राग आसता, कीव आसती, तर बरं झालं आसतं. कायबी नव्हतं. गिऱ्हाईकाच्या अंगाचं माप घ्यावं तसं बघितलं. मग म्हणला, "इनोंच थे साब. अण्णा."

हुकूम झाला. मयताच्या मालमत्तेचा बंदोबस्त शंकरप्पानं पाहावा. कागद माझ्या हातात आला, त्यावर मोहर. गफारमियाँ पाठीवर थाप मारून म्हणला, "मुबारक." मला वाटलं, हे काय झालं? माझं खोटं माझं व्हतं तवर त्यात निदान माझी चोरी तरी व्हती. आता तेबी हनीफनं मला दिलं. देणारा त्योच. मरताना त्यानंच धरायचं, आन् धरल्याचं नाव त्यानंच द्यायचं. म्या घ्यायला फक्त.

शिपायानं लाख फोडली, कुलूप काढलं. इश्तिहार फाडायला लागला, तर विभूतीनं वाळून कडक झालेला, तुकड्या तुकड्यानं निघाला. आत घाण सुटली व्हती. करंडीतली पानं सडून काळी, एकमेकाला चिकटून चामड्यासारखी झालेली. कात भेगाळलेला. शिपायानं यादी केली, अडकित्ता एक, पितळी पानदान एक, तराजू एक, सदरा एक. माझा अंगठा घेतला आन् गेला. म्या एकटा ऱ्हायलो. समोर खुंटी, मोकळी. खाली भुईवर त्या जागी धूळ. भिंतीच्या भोकातनं मशिनीचा आवाज येत व्हता. म्या त्या भोकापाशी तोंड नेऊन म्हणलं, "हनीफ."

मशीन थांबलं. त्यो मागल्या दारानं आला, चौकटीला धरून उभा ऱ्हायला.

"खोटं का बोललास?"

"तुमी लिहिलं व्हतं न्हवं," त्यो म्हणला. "लिहिलेलं तोडायचं म्हणजे मग कोर्टात मल्लूचीच वढाताण. त्यो काय म्हणला आसता?"

त्यो काय म्हणला आसता. त्याला म्हाईत. मला विचारायचं व्हतं ते माझ्या तोंडातनं गेल्यावर मला कळलं. "जाताना माझं नाव काढलं का त्यानं?"

हनीफनं चौकटीवरचा हात बदलला. अदालतीत साऱ्यांपुढं खोटं बोलला माणूस, हितं दोघंच व्हतो, एक शब्द खोटा बोलला आसता तर कुणाचं काय गेलं आसतं? "न्हाय, अण्णा," म्हणला. "पाणी मागितलं. मग बसव म्हणला. बास."

म्या मान हलवली. मग खुंटीकडं बोट केलं. "हितं पटका बांधत्यात. खुंटीला. काखेतनं घेऊन. पाठ लावून कुणी बसत न्हाय."

त्यानं खुंटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आन् हे तुमी मला आता सांगताव?" म्हणला आन् हसायला लागला. हसताना पाठीत चमक निघाली तसा कण्हला, तरी हसत ऱ्हायला. "या अल्ला! दिवसभर... मुतायलासुद्धा उठलो न्हाय अण्णा म्या."

"दाखव," म्या म्हणलं. "कसा बसला व्हतास ते दाखव."

त्याला वाटलं म्या चेष्टा करतोय. पर म्या आधीच खाली बसलो व्हतो, त्याच धुळीत, मांडी घालून, तोंड दाराकडं. त्यो कंबरंला हात देत देत माझ्यामागं टेकला. त्याची पाठ माझ्या पाठीला लागली. हाडकुळी व्हती. मणका मणका मोजता आला आसता. घामानं सदरा वला, आन् त्यातनं ऊब. मल्लूचं अंग गार पडत चाललं तवा त्याला ही ऊब लागली आसंल का, लागत आसती तर कुठपतूर लागली आसंल, असं कायतरी डोक्यात यायला लागलं. मग त्येबी थांबलं. बाहेरनं कुणीतरी हाक मारली, "दर्जी! वो दर्जी! पायजमा झाला का?"

"अण्णा, गिऱ्हाईक आलंय," हनीफ म्हणला. "उठू का?"

म्या मान मागं टाकली, त्याच्या खांद्यावर. हात मांडीत सोडून दिले. अंगातला व्हता नव्हता तेवढा सारा भार त्याच्या पाठीवर टाकला. त्याच्या नाकातनं दुखऱ्यागत आवाज आला, तळहात भुईवर दाबले गेले, पर त्यो सरला न्हाय. बाहेर त्यो माणूस वरडतच व्हता. म्हणलं वरडू दे. आन् ह्याची दुखतीय तर दुखू दे. एकदा माझ्यापायी दुखू दे.